वाचकांचे प्रश्न : मालदीवची मजलिस आणि उलटणारी लाट

प्रश्न : मालदीवमध्ये 2019 साली मालदीवियन डेमोक्रॅटिक पार्टीने संसदेच्या 87 पैकी 65 जागा जिंकल्या, 2024 मध्ये राष्ट्राध्यक्ष मुइज्जू यांच्या पक्षाला 93 पैकी 66 मिळाल्या. पाच वर्षांत एवढी लाट कशी उलटते? आणि विखुरलेल्या बेटांवरचे मतदान होते तरी कसे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : लाट उलटली हे खरे, परंतु तेथील जागांवरून मतांचा अंदाज बांधू नये, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या लोकसभेप्रमाणेच तेथेही एका मतदारसंघातून एकच सदस्य निवडला जातो आणि सर्वाधिक मते घेणारा विजयी ठरतो. 2009 च्या पहिल्या बहुपक्षीय संसदीय निवडणुकीत सर्वाधिक मते तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष नशीद यांच्या मालदीवियन डेमोक्रॅटिक पार्टीला पडली, पण जागांत माजी राष्ट्राध्यक्ष गयूम यांचा पक्ष पुढे राहिला. 2014 मध्येही मतांत नशीद यांचाच पक्ष पहिला होता; तरीही जागा वाटून घेऊन लढलेल्या सत्ताधारी आघाडीने बहुमत मिळवले.

मतदारसंघ अगदी लहान असतात. राज्यघटनेनुसार प्रत्येक प्रशासकीय विभागाला पहिल्या 5,000 नोंदणीकृत रहिवाशांसाठी दोन सदस्य आणि पुढील प्रत्येक 5,000 मागे आणखी एक सदस्य मिळतो. आपण दिलेल्या आकड्यांत 87 चे 93 झाले, ते याच सूत्रामुळे; 2009 मध्ये तर सदस्य 77 च होते. अशा मतदारसंघात दोन-चार मोठी घराणी फिरली की निकाल फिरतो.

त्यातच मजलिसची, म्हणजे संसदेची, निवडणूक राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर काही महिन्यांनी होत आली आहे. मुइज्जू सप्टेंबर 2023 मध्ये निवडून आले आणि मजलिससाठी मतदान 21 एप्रिल 2024 रोजी झाले. बंदर, घरे, नोकऱ्या ज्याच्या हाती, त्याचाच उमेदवार आपल्या बेटाच्या कामी येईल, हा हिशेब मतदार करतात, आणि मला तो मुळीच गैर वाटत नाही. याच्या उलट घडले की काय होते, हे नशीद यांनी भोगले : 2009 नंतर मजलिस विरोधकांच्या हाती गेली, जून 2010 मध्ये त्यांच्या मंत्र्यांनी निषेध म्हणून सामूहिक राजीनामे दिले आणि फेब्रुवारी 2012 मध्ये त्यांना स्वतःलाही पद सोडावे लागले. मुइज्जू यांनाही आधीच्या मजलिसने जानेवारी 2024 मध्ये दणका दिला. त्यांच्या तीन मंत्र्यांना तिने मान्यता नाकारली.

आता मतदानाविषयी. कितीतरी लोकांची नोंदणी गावाकडच्या बेटावर असते आणि पोट मात्र राजधानी मालेत किंवा एखाद्या रिसॉर्टवर भरत असते. अशांसाठी मालेत आणि काही रिसॉर्टवर मतपेट्या ठेवल्या जातात. 2024 मध्ये तिरुवनंतपुरम, कोलंबो आणि क्वालालंपूर येथेही त्या होत्या. मतदाराने आधी नोंदणी बदलून घ्यायची असते, पण त्याचे मत मोजले जाते ते त्याच्या मूळ बेटाच्या मतदारसंघात. त्यामुळे दक्षिणेकडच्या अड्डू बेटांचा प्रचार मालेच्या गल्ल्यांतही रंगतो.

मला मनापासून खटकते ती दुसरीच गोष्ट. या 93 सदस्यांत महिला अवघ्या तीन आहेत. मतदारसंघ इतका लहान आणि निवडून येणार एकच, मग घराण्यातला पुरुषच पुढे केला जातो. आणि मजलिसमध्ये महिलांसाठी राखीव जागाही नाहीत.