डार्सीचं सोडा, मिस्टर बेनेटकडे बघा

पत्र

ताई, माझं वय ५३. लग्नाला २६ वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात पाय मुरगळून घरी बसले होते, तेव्हा मुलीनं मला जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीवरची बीबीसीची मालिका लावून दिली. सहाही भाग दोन दिवसांत संपवले. मग २००५चा सिनेमा बघितला आणि शेवटी डिक्शनरी शेजारी ठेवून पुस्तक वाचलं. आता रात्री इअरफोन घालून तेच तेच प्रसंग बघते. त्यातला नायक डार्सी, त्याच्या पत्रातली वाक्यं दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर उतरवून ठेवली आहेत.

हे स्वभावानं वाईट नाहीत. पण भाऊबीजेला नणंदा आल्या होत्या, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "हिला आता उतारवयात गोरा साहेब भेटलाय. तळ्यातून अंघोळ करून आलेला." सगळे हसले, मुलगीसुद्धा. मी चहा टाकायला आत गेले. मनात आलं, या माणसानं २६ वर्षांत मला एकदा तरी तसं काही म्हटलंय का? आणि मग माझीच मला लाज वाटली. या वयात हे शोभतं का? की ह्यांना शेजारी बसवून मालिका दाखवू, म्हणजे कळेल तरी?

— एक वाचक, सांगली

(पत्र बरंच मोठं होतं. डार्सीविषयीचा मजकूर जागेअभावी गाळला आहे.)

उत्तर

ताई, लाजेचं आधी उरकून टाकू. ही कादंबरी २८ जानेवारी १८१३ला प्रसिद्ध झाली. तेव्हापासून माणसं डार्सीवर भाळतायत आणि वयाचा दाखला कुणी कुणाकडे मागितलेला नाही. तुम्ही शाळेत होतात तेव्हा, १९८५ साली, आपल्या दूरदर्शनवर 'तृष्णा' नावाची मालिका आली होती. तीही याच कादंबरीवर बेतलेली. तेव्हा बघायची राहिली असेल, तर आता उशिरा गाठ पडली म्हणायची. प्रतारणा-बितारणा काही नाही. तो शब्द तुम्ही पत्रात तीनदा लिहिलाय, तीनही वेळा खोडून टाका.

आता तळ्याबद्दल, म्हणजे डार्सी तळ्यात पोहून ओल्या शर्टात नायिका एलिझाबेथच्या समोर येतो, त्या प्रसंगाबद्दल. पुस्तक वाचताना तो प्रसंग तुम्ही नक्की शोधला असणार. तो तिथं नाहीच. ती १९९५च्या मालिकेचे पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस यांची करामत. पुस्तकात पेम्बर्लीला, म्हणजे स्वतःच्या वाड्यावर, डार्सी पागेकडच्या रस्त्यानं अचानक समोर येतो, नजरानजर होते, दोघांचेही चेहरे लाल होतात, बस. सिनेमातल्या धो धो पावसातल्या मागणीचंही तसंच. पुस्तकात डार्सीची पहिली मागणी चार भिंतींच्या आत होते. एलिझाबेथचं डोकं दुखत असतं, म्हणून बाकीचे बाहेर गेले तरी ती घरी थांबलेली असते. पडद्यावर ओला शर्ट आणि पाऊस लागतोच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मलाही तो पाऊस आवडतो.

पण वहीत तुम्ही शर्ट उतरवून घेतलेला नाहीत, पत्र उतरवलंत. आणि ते काही प्रेमपत्र नव्हे. एलिझाबेथनं त्याला नकार देताना दोन आरोप केलेत, एक बहिणीचं लग्न जुळू न दिल्याचा आणि एक विकहॅम नावाच्या तरुणावर अन्याय केल्याचा. दुसऱ्या दिवशी तो तिच्या हातात पत्र ठेवतो आणि दोन्ही आरोपांना सविस्तर उत्तर देतो. सूर आढ्यतेचा आहे, तिच्या घरच्यांविषयी टोचून लिहिलंय, तरी या बाईचं म्हणणं पूर्ण उत्तर देण्याच्या लायकीचं आहे हे त्याला पटलेलं दिसतं. तुमचा जीव अडकलाय तो तिथं, असा माझा अंदाज. आपण काही बोललो आणि समोरच्यानं ते रात्रभर मनावर घेतलं, ही गोष्ट बऱ्याच घरांत घडत नाही.

म्हणून मला तुमच्या पत्रातल्या भाऊबीजेच्या चार ओळी जास्त महत्त्वाच्या वाटल्या. डार्सीवर तुम्ही पानंच्या पानं लिहिलीत, त्या चार ओळी मात्र घाईत उरकल्यात.

कादंबरीतल्या मिस्टर बेनेटना आठवा. एलिझाबेथचे वडील. हुशार, वाचनवेडे, लायब्ररीत दार लावून बसणारे. आपल्याला ते फार आवडतात, कारण त्यांचे टोमणे फर्मास असतात. बायको "माझ्या नसा, माझ्या नसा" करते तेव्हा ते म्हणतात, त्या तर माझ्या जुन्या मैत्रिणी, गेली वीस वर्षं त्यांच्याबद्दल ऐकतोय. आपण हसतो. पहिल्याच प्रकरणात हेही कळतं की लग्नाला २३ वर्षं झाली तरी त्या बाईला नवऱ्याच्या स्वभावाचा थांग लागलेला नाही. सिनेमानं त्या दोघांचं सूत जरा जमवून दिलंय. डोनाल्ड सदरलंडचे बेनेट इतके मायाळू आहेत की त्यांच्यावर रागावणं जड जातं.

पण पुस्तकाचं ४२वं प्रकरण पुन्हा काढा. सुरुवातीलाच आहे. वडिलांची सगळ्यात लाडकी मुलगी तिथं मान्य करते की नवरा म्हणून त्यांचं वागणं चुकीचं आहे, आणि ते तिला आधीपासून दिसत होतं. स्वतःच्या मुलींच्या नजरेतून त्यांच्या आईला उतरवणं, याला लेखिकेनं स्पष्ट शब्दांत निंद्य म्हटलंय. विनोदाची कसलीही सूट नाही. शिवाय ज्या बाईची एवढी टिंगल होते तिची काळजी खोटी नव्हती. घर वारसाहक्कानं मिस्टर कॉलिन्स या दूरच्या नातेवाइकाकडे जाणार, पदरात पाच मुली, आणि नवऱ्यानं बाजूला काहीही टाकलेलं नाही. पुढं तेच मिस्टर बेनेट एलिझाबेथला म्हणतात, जोडीदाराबद्दल तुला आदर वाटू नये, असं दुःख मला बघायला लावू नकोस. हे ते स्वतःच्या संसाराबद्दल बोलतायत, हे वाचताना कळतं.

तुमचे मिस्टर म्हणजे मिस्टर बेनेट, असं मी म्हणत नाही. एका वाक्यावरून कुणाला तसं म्हणू नये. पण त्या दिवशी मुलगी हसली आणि तुम्ही आत गेलात, आणि कुणी विचारायला आलं नाही. हे पहिल्यांदा घडलंय का, याचं उत्तर तुमच्याकडे आहे.

तुम्हाला कुणी ना कुणी सांगेल की नवरा बोलत नाही पण करतो, पाय मुरगळला तेव्हा गरम पाण्याची पिशवी त्यानंच आणून दिली ना, तोच तुमचा डार्सी. एलिझाबेथची धाकटी बहीण लिडिया पळून गेली, तेव्हा तिचं लग्न लावायला डार्सीनंही गुपचूप पैसे भरलेच की. हे समाधान मी तुम्हाला देणार नाही. पिशवी आणली हे चांगलंच केलं. त्यानं चारचौघांतल्या टिंगलीची भरपाई होत नाही.

मालिका दाखवायच्या भानगडीत पडू नका. तुमच्या पत्रावरून जो माणूस मला दिसला, तो पहिल्याच भागात मिस्टर बेनेटच्या प्रेमात पडेल, आणि पाडव्यापर्यंत तुमच्यासाठी दोन नवे टोमणे तयार ठेवील. सहा भाग दाखवून जे सांगायचं ते दोन वाक्यांत सांगा. दोघंच असताना, दिवसाउजेडी, कुणी यायचं नसेल तेव्हा. "भाऊबीजेला तुम्ही नणंदांसमोर जे बोललात ते मला लागलं. पुन्हा असं चारचौघांत बोलू नका." डार्सीचं नाव काढायचं नाही. '२६ वर्षांत तुम्ही कधी' हेही नाही. ते खरं असलं तरी ते दुसरं भांडण आहे आणि त्याला दुसरा दिवस ठेवा.

"अगं, गंमत केली," असं उत्तर येणार, हे धरून चाला. त्यावर हसू नका, रडू नका. "मला गंमत वाटली नाही," एवढंच म्हणा आणि उठा. नंतर वाट बघा. सभ्य माणसासारखा वागला असतास तर, हे एलिझाबेथचं वाक्य डार्सीला किती छळत राहिलं, ते तो शेवटी कबूल करतो. पण त्यातलं खरेपण मान्य करायला आपल्याला काही काळ लागला, हेही तोच सांगतो. २८ वर्षांच्या, प्रेमात पडलेल्या माणसाची ही कथा. तुमच्या मिस्टरांना जास्त वेळ लागेल. ते बदलतीलच याची हमी मी देऊ शकत नाही. पुढच्या वेळी असं झालंच, तर चहा टाकायला आत जाऊ नका. तिथंच, सगळ्यांसमोर, शांतपणे तेच वाक्य म्हणा. ही वेळ येऊ शकते, हे त्यांना आधी सांगून ठेवलंत तरी चालेल.

मुलीला वेगळा फोन करा. मालिका तिनंच लावून दिली आणि हसलीही तीच. तिला बहुधा तुमची खोडी काढल्यासारखं वाटलं असेल, वाईट हेतू नसेल. तरी तिला कळलं पाहिजे, आणि ते तिच्या बाबांच्या आधी कळलं तरी बिघडत नाही. तिच्याशी बोलणं जास्त जड जाईल, असं मला वाटतं.

इअरफोन मात्र काढा. हॉलमध्ये, मोठ्या टीव्हीवर बघा. चोरून बघण्यासारखं त्यात काही नाही, आणि चोरून बघितलं की टिंगल करायला आयतं कारण मिळतं.

'प्राइड अँड प्रेज्युडिस' पुरतं पाठ झालं असेल, तर जेन ऑस्टेनचीच 'पर्स्वेजन' घ्या. ती लेखिकेच्या मृत्यूनंतर, १८१७च्या शेवटी आली. नायिका अ‍ॅन २७ वर्षांची, म्हणजे त्या काळच्या हिशेबानं वय उलटलेली. घरात तिचं कुणी ऐकत नाही, आणि आठ वर्षांपूर्वी तिनं ज्याला नाही म्हटलं तो परत आलाय. पत्र त्यातही आहे, आणि माझ्या मते डार्सीच्या पत्रापेक्षा सरस आहे. पडद्यावर बघायची असेल तर बीबीसीचं १९९५चं रूपांतर बघा. २०२२चं नको.