कलाकाराच्या कामात मित्राचा वाटा किती असतो? आयुष्यभर साथ देणाऱ्या मित्राचे आभार कसे मानावेत?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही चित्रं काढता, शाळेपासूनचा एक मित्र प्रत्येक कामाच्या वेळी सोबत असतो, पण त्याला "कलेतलं काही कळत नाही", मग त्याचा वाटा नेमका काय मानायचा. हे वाक्य मी 1994 साली आमच्याच गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या कारखान्यात, ऐकलंय. तेव्हा गप्प बसलो होतो, म्हणून आज लिहितोय.

कोकणात कुडाळजवळच्या आमच्या गावात आजोबांपासून ही शाळा आहे. माती माझ्या मित्राच्या मळ्यातली. वैशाखात, पाऊस लागायच्या आधी काढायची, पडवीत रचायची, मग भिजवून खडे-मुळं वेचायची, कापूस घालून कुटायची. दहावीपासून हे सगळं तो करत आला. त्याला सरळ रेघ ओढता येत नाही. पण कोपऱ्यात मातीच्या ढिगाजवळ बसून तो काम बघत असायचा आणि मधेच एखादा शब्द टाकायचा. हात बारीक झाले. पोट बसलेलं दिसतंय. बहुतेक वेळा बरोबर असायचं.

त्या वर्षी मी मुंबईत दोन वर्षं एका कारखान्यात काम शिकून परत आलो होतो. आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं, मला काकांपेक्षा चांगली जमते असं वाटायला लागलं होतं, आणि काकांनी त्या वर्षी सगळे डोळे माझ्याकडे दिले. आमच्याकडे हा मान लहान नसतो. चतुर्थीला आठ दिवस उरले होते, बाहेर पाऊस, मूर्ती शेगडीच्या उबेवर कशाबशा वाळवलेल्या. रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात मी पहिले दहा-बारा गणपती आखले. मूर्ती फिरत्या पाटावर, माझ्या नजरेच्या उंचीला. मित्रानं खालून बघितलं आणि म्हणाला, "अरे, ह्यो गणपती वाश्यांक बघता. माका बघणा नाय." म्हणजे तो छपराच्या वाशांकडे बघतोय, माझ्याकडे नाही.

मी चिडलो. काका माझ्याहून चिडले. म्हणाले, "ज्याला रेघ ओढता येत नाही, त्यानं डोळ्यांवर बोलू नये. कलेतलं काही कळत नाही त्याला." चार पोरं समोर होती. मित्रानं हात धुतले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि घरी गेला. मी थांबवलं नाही. उरलेले सगळे गणपती मी तसेच आखले.

चतुर्थीला त्याच्या घरचा गणपती आमच्याच शाळेतला होता. मूर्ती सांगताना घरून पाट आणून ठेवतात; त्याचा पाट आधीच आला होता, त्या रात्रीनंतरही परत नेला नव्हता. दुसऱ्या दिवशी भजनाच्या फेरीत मी त्याच्या घरी गेलो, खळ्यात पाय धुतले आणि आत चटईवर बसलो. वर माटवी, म्हणजे फळं-पानं बांधलेली लाकडी चौकट, त्याखाली उंच चौरंगावर मूर्ती. आणि गणपती माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीच्या वरच्या अंगाला बघत होता. त्याची आई हात जोडून समोर बसलेली, आणि देवाची नजर तिच्यावर नव्हती.

तेव्हा कळलं. मी उभ्या माणसाच्या नजरेनं आखत होतो. घरात सगळे जमिनीवर बसतात आणि मूर्ती वर असते, म्हणून बुब्बुळ थोडं खाली उतरावं लागतं, वरची पापणी थोडी झुकवावी लागते. त्याला यातलं काही सांगता आलं नसतं. तो फक्त रोज जमिनीवर बसून काम करत होता, म्हणून शाळेत घरच्या माणसासारखं बघणारा तो एकटाच होता. मला काही बोलवेना. तो म्हणाला, "आरती कर. मगे बोलू." त्या विषयावर तो नंतर कधीच बोलला नाही.

पुढच्या वर्षापासून पहिला डोळा आखला की मी मूर्ती उंचावर ठेवतो, त्याच्या शेजारी जमिनीवर बसतो आणि त्याच्या तोंडाकडे बघतो. लोक माझ्या आखणीचं कौतुक करतात, लांबून पाट येतात. त्यातलं निम्मं त्याचं आहे, असं मी पाट घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. काकांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांचं एक ठरलेलं उदाहरण होतं: अलिबागजवळच्या सासवण्याचे शिल्पकार विनायक करमरकर. गणपती करणाऱ्या घरातला मुलगा, 1928 साली पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा केला, सगळं स्वतःच्या हातानं. हातानंच केलं, मान्य. पण गावच्या देवळाच्या भिंतीवर त्या मुलानं काढलेलं महाराजांचं चित्र बघून त्याला मुंबईला जे. जे. कला महाविद्यालयाची वाट दाखवली ती कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांनी. तो माणूस सरकारी अधिकारी होता, शिल्पकार नव्हता. बघणारा माणूस लागतो, काका. हे मी तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं, आणि त्या रात्री सांगायला हवं होतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच देऊ शकेन. शाल-श्रीफळ, भेटवस्तू वगैरेंनी काही होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. मी एकदा त्याला पैशाचं पाकीट दिलं, तर त्यानं चार दिवस तोंड दाखवलं नाही. तुमचं चित्र जिथून लोक बघणार तिथे मित्राला बसवा, काम अपुरं असतानाच, आणि तो बोलला की कामात बदल करा. माझ्या मित्राला तेवढंच पोचलं. आणि चारचौघांत कोणी त्याला "तुला काय कळतं" म्हणालं तर त्याच क्षणी तोंड उघडा.

एक मात्र आहे. प्रत्येक मित्राचं ऐकू नका. नुसती वाहवा करणारेही असतात, आणि लोकांसमोर चूक काढून मोठे होणारेही. माझ्या मित्रानं ती चूक बाहेर कधी कुणाला सांगितली नाही. इतकी वर्षं मीच सांगतोय.

यंदा त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी वाकायला, जड उचलायला मनाई केलीय, म्हणून उद्या मळ्यात माती मी काढणार. तो बांधावर बसून कुठली काढायची ते सांगणार आहे.