सेनेटरी शब्दाचं आपल्या कात्रीशी नातं

सीताबर्डीला जुन्या पुस्तकांत घेतलेल्या एका इंग्रजी पुस्तकात रोमन लोक सेनेटरी कपडा घालून जेवत असं वाचलं, हे सॅनिटरीच चुकून असं छापलं गेलंय का, असं तुम्ही विचारलंत. नाही हो, छपाई बरोबर आहे. स्पेलिंग नीट बघा, सी ई एन ए ने सुरू होतं. हा वेगळाच शब्द आहे, अर्थ रात्रीच्या जेवणाचा, जेवणासंबंधीचा. सतराव्या शतकात थॉमस ब्राऊन या इंग्रज डॉक्टर लेखकाने वापरलाय, आज मात्र डिक्शनरीबाहेर क्वचितच दिसतो.

मूळ लॅटिन सेना, म्हणजे रोमन लोकांचं दिवसातलं मुख्य जेवण. गंमत म्हणजे आधी ते दुपारीच व्हायचं, मग हळूहळू सरकत संध्याकाळकडे गेलं. इटालियन आणि स्पॅनिशमधे हाच शब्द आजही रात्रीच्या जेवणाला आहे.

पण मला खरा आनंद याच्याही मागे गेल्यावर होतो. सेनाचा धातू कापणे या अर्थाचा मानतात, म्हणजे कापून दिलेला वाटा, ज्याच्या त्याच्या ताटातला हिस्सा, आणि त्याच धातूचं संस्कृत रूप कृत्, ज्यातून कर्तन, कर्तरी आणि आपली घरातली कात्री आली! म्हणजे रोमचं जेवण आणि आपल्या शिवणाच्या डब्यातली कात्री लांबची बहिणी निघाल्या. आपल्याकडच्या व्याळू, म्हणजे रात्रीचं जेवण, या शब्दाचं तसं नाही, तो विकाल म्हणजे सांजवेळ यावरून आला, त्यात वेळच आहे. हिंदीतला ब्यालू तोच. इतका सुंदर शब्द आपण डिनरपायी सोडून दिला याचं मला मनापासून वाईट वाटते.

आता तो कपडा. रोमन श्रीमंत मंडळी कोचावर डाव्या कोपरावर रेलून जेवायची आणि टोगा म्हणजे केवढं ते भलंमोठं कापड, ते सांभाळत रेलणार कसं, म्हणून जेवणापुरता हलका सैल वेष असायचा, तोच हा. भाषांतर करताना याला सोवळं लिहायचा मोह होईल, मलाही झाला होता, पण सोवळ्यात शुद्धतेचा भाव आहे आणि इथे सगळा भर आरामावर, तेव्हा सरळ जेवणाचा वेष लिहा.