वाचकांचे प्रश्न : चॅट नेटवर्कवरून रातोरात गेले कोण?

प्रश्न : महाविद्यालयात असल्यापासून मी आयआरसीवर, म्हणजे इंटरनेटवर लिहून गप्पा मारण्याच्या एका जुन्या व्यवस्थेवर, आहे आणि तेथील एका जुन्या नेटवर्कवर किती वापरकर्ते आहेत, याची दर दहा मिनिटांनी नोंद ठेवण्याचा मला छंद आहे. गेल्या काही महिन्यांत दोन गोष्टी घडल्या. एका रात्री जवळपास एक तृतीयांश वापरकर्ते एकाएकी नाहीसे झाले आणि पाऊण तासाने तितकेच परत आले. पुढे एका दुपारी पुष्कळ कमी झाले, ते मात्र परतलेच नाहीत. आमच्या चॅनेलवरची, म्हणजे गप्पांच्या खोलीतली, नेहमीची मंडळी सगळी जागच्या जागी आहेत. नेटवर्कच्या चालकांनी कसलाही खुलासा केलेला नाही. मग गेले कोण?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नेहमीची मंडळी जागेवर आहेत, हे आपण सहज लिहून गेलात, पण दुसऱ्या घसरणीचे निम्मे उत्तर त्यातच आहे. सर्व्हरला, म्हणजे नेटवर्क चालवणाऱ्या संगणकाला, ‘ल्यूजर्स’ ही आज्ञा दिल्यावर जो आकडा मिळतो, तो माणसांचा नसून जोडण्यांचा असतो. एकच गृहस्थ घरच्या संगणकावरून, फोनवरून आणि बाउन्सरवरून (आपल्या वतीने चोवीस तास जोडलेल्या राहणाऱ्या प्रोग्रामवरून) जोडलेले असतील तर ते तीनदा मोजले जातात, आणि चॅनेल सांभाळणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, ज्यांना बोलायचे काहीच नसते, तेही त्याच बेरजेत धरले जातात.

आकडा का उतरला हे केवळ आकड्यावरून कळत नाही, हे सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी दोन फुटांनी उतरली तर कोयनेचा विसर्ग घटला, पाणलोटातला पाऊस थांबला, की खाली अलमट्टीतून पाणी जास्त सोडले, हे ठरवण्यासाठी पाणी किती वेगाने उतरले आणि त्याच वेळी वर कराडला काय स्थिती होती, ते पाहावे लागते. (अलमट्टीचा वाद येथे काढत नाही, त्याला या सदराची जागा पुरणार नाही.) आपल्या आलेखाकडेही तसेच पाहावे: घसरण उभी आहे की उतरती, परतीची रेघ कशी आहे, आणि त्याच मिनिटाला शेजारच्या नेटवर्कांवर काय घडत होते.

पहिली घटना बहुधा ‘नेटस्प्लिट’ची आहे. फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्क्को ओइकारिनेन यांनी १९८८ च्या ऑगस्टमध्ये आयआरसी सुरू केले, त्याची मूळ रचना झाडाच्या फांद्यांसारखी आहे: एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाण्यास एकच वाट असते. मधली एक जोडणी तुटली की नेटवर्कचे दोन तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्यातल्या लोकांना पलीकडचे सगळे एकाच क्षणी उठून गेलेले दिसतात. प्रत्यक्षात कोणीच गेलेले नसते. दोन्ही बाजूंना गप्पा चालू असतात आणि आपली नोंद मात्र एकाच तुकड्याची होते. जोडणी पुन्हा लागली की आकडा जसा सरळ खाली आला तसा सरळ वर जातो. त्या रात्रीचे लॉग (चॅनेलवरील घडामोडींच्या नोंदी) ठेवले असतील तर बाहेर पडणाऱ्यांच्या नावांपुढे निरोपाच्या जागी दोन सर्व्हरांची नावे शेजारी-शेजारी दिसतील. ती दिसली की शंका उरत नाही. याउलट सर्व्हरच बंद पडला असता तर लोक खरोखर तुटले असते, त्यांचे प्रोग्राम आपापल्या सवडीने पुन्हा जोडले गेले असते आणि परतीची रेघ चढावासारखी तिरपी आली असती.

सगळीच नेटवर्क एकाच मिनिटाला घसरलेली दिसली, तर प्रथम आपल्याच घरचे इंटरनेट तपासावे. मोठ्या केबलचा बिघाड हे कारण विरळा, पण खरे आहे: ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या, तेव्हा भारतातली आणि पश्चिम आशियातली इंटरनेट सेवा विस्कळीत झाली होती.

दुसरी घटना अधिक बोलकी आहे. बोलणारे कायम राहून आकडा कायमचा उतरतो, तेव्हा बहुतेक वेळा यंत्रांचा एखादा गठ्ठा बाहेर पडलेला असतो. लिबेरा चॅट या नेटवर्कवर २०२३ मध्ये हे उघडपणे घडले. मॅट्रिक्स या गप्पांच्या दुसऱ्या व्यवस्थेतील प्रत्येक वापरकर्त्यासाठी तेथे एक स्वतंत्र जोडणी उघडणारा ‘पूल’, म्हणजे दोन व्यवस्था जोडणारा प्रोग्राम, होता. तो बंद झाला आणि त्या जोडण्या एकदम गेल्या, ज्यांतील कित्येकींच्या मागे अनेक दिवस कोणी फिरकलेलेही नव्हते. दुसरी शक्यता घातक बॉटांची. व्हायरस लागलेले हजारो संगणक आयआरसीच्या चॅनेलवरून हुकूम घेत, हा २००० नंतरच्या दशकातला नित्याचा प्रकार होता; असे टोळके सापडले की चालक एका बंदीत त्याला हाकलतात. त्याचा बोभाटा ते सहसा करत नाहीत, कारण कशावरून ओळखले हे सांगितले तर पुढचे टोळके सावध होते. चालकांच्या मौनामागे मला तरी यापेक्षा वेगळे कारण दिसत नाही.

माणसे जातात तेव्हा गाजावाजा होतो. फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कच्या मालकीवरून वाद झाला आणि १९ मे २०२१ रोजी तेथील स्वयंसेवक राजीनामे देऊन बाहेर पडले. लिबेरा चॅट त्यांनीच उभे केले. पुढच्या काही आठवड्यांत तेथे चॅनेल असलेले सॉफ्टवेअर प्रकल्प एकामागून एक जाहीर निवेदने देऊन तिकडे गेले. आपल्या चॅनेलवर असे स्थलांतराचे बोलणे झालेच नसेल, तर ती शक्यता सोडून द्यावी.

प्रश्न : आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटातील सदस्य अधूनमधून कमी होतात. विचारले तर कोणीही गट सोडल्याचे कबूल करत नाही. ते खोटे बोलतात का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तसे समजू नये. व्हॉट्सॲप खाते १२० दिवस वापरले नाही तर ते साधारणपणे काढून टाकले जाते, आणि खात्याबरोबर गटातले नावही जाते. जुने सिम बंद करून नवे घेताना ‘नंबर बदला’ ही सोय न वापरणाऱ्यांच्या बाबतीत असे हमखास घडते: गृहस्थ नव्या क्रमांकावर गटाची वाट पाहत बसतात आणि गटात त्यांचा जुना क्रमांक काही महिने तसाच पडून राहतो. गटाच्या माहितीत मागील ६० दिवसांत गेलेल्या सदस्यांची यादी असते. त्यातील क्रमांक पाहून संबंधितांना एकदा साधा फोन करावा. तोही लागला नाही तर सिमच बदलले आहे असे धरून घरी निरोप पाठवावा.