घरच्या गाडीसाठी इम्पॅक्ट रेंच घेताना

इम्पॅक्ट रेंच म्हणजे ठोके देत नट सोडवणारं-आवळणारं मशीन. ऐरोलीच्या सोसायटीत हवेचा कॉम्प्रेसर ठेवायला ना जागा, ना शेजारी त्याचा आवाज सहन करणार. तेव्हा त्या हवेवर चालणाऱ्या रेंचचा विचार सोड. १८ किंवा २० व्होल्टचा, अर्धा इंच ड्राइव्हचा (सॉकेट बसतं त्या चौकोनी टोकाचं माप) कॉर्डलेस, म्हणजे बॅटरीवरचा घे, जमलं तर ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेल्या मोटरचा).

बॉक्सवरच्या मोठ्या आकड्याला भुलू नकोस. तो बहुतेकदा नट सोडवतानाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर असतो, आवळतानाचा कमी असतो. छोट्या गाडीचे व्हील नट साधारण १०० ते १२० न्यूटन मीटरला आवळतात, पण खाडीकाठच्या दमट हवेत ते गंजून धरतात आणि सोडवायला कितीतरी जास्त जोर लागतो. खरे ३०० न्यूटन मीटर मिळाले तरी घरकामाला भरपूर. हजार न्यूटन मीटरचा दावा करणाऱ्या अनोळखी मशीनपेक्षा ज्याचं सर्व्हिस सेंटर ठाण्यात आहे, ते घे. किंमत बॅटरी-चार्जरसकट विचार. घरी ड्रिल असेल तर त्याच बॅटरीवर चालणारं बघ, बरेच पैसे वाचतील.

सॉकेट (नटावर बसणारे गोल पाने) मात्र काळे, इम्पॅक्टचेच. चकचकीत क्रोमचे तडकतात आणि तुकडा थेट डोळ्याकडे उडतो, म्हणून सुरक्षा चष्मा हवाच. नट बसवताना पहिले आटे हाताने फिरव आणि शेवटचं आवळणं टॉर्क रेंचनेच (ठरवलेल्या टॉर्कला आवळता येणाऱ्या हाताच्या पान्यानेच) कर.