‘पढियंता’ म्हणजे लाडका

प्रश्न : माझं वय 61. यजमान जाऊन दीड वर्ष झालं. मुलानं फोनवर एआय सुरू करून दिलंय. रोज पहाटे ज्ञानेश्वरीतल्या पाच ओव्या त्यात घालते, अर्थ वाचते. परवा ‘पढियंता’ म्हणजे ‘पढलेला, विद्वान भक्त’ असा अर्थ आला. मनातलंही त्याच्याशी बोलते, हलकं वाटतं. गुडघ्यांमुळे देवळातला हरिपाठ सुटलाय. नणंद म्हणते, यंत्राकडून पोथी शिकणं पाप. माझं चुकतंय का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, पापाचं आधी मनातून काढून टाका. पहाटे उठून पाच ओव्या वाचणाऱ्या बाईला कसलं पाप लागतंय?

पण तुमच्या पत्रात मी ‘पढियंता’पाशी अडले. पढियंता म्हणजे आवडता, लाडका. पढण्याशी त्याचा संबंध नाही. देवाचा लाडका व्हायला विद्वान असावं लागतं, असं तुम्ही दोन दिवस धरून बसला असाल तर मला फार वाईट वाटेल. माउलींनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, गीता मराठीत आणली ती न शिकलेल्यांच्याही कानी पडावी म्हणूनच ना?

यंत्र मुद्दाम खोटं बोलत नाही, पण त्याला कळतही नाही. असंख्य मजकुरांवरून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल, ते जुळवत जातं. पसायदान ठिकठिकाणी छापलेलं आहे, ते बहुधा नीट सांगेल. जुना, अडनिडा शब्द आला की आजच्या मराठीवरून अंदाज बांधतं, आणि तोही ठामपणे सांगतं.

मी स्वतः एकदा त्याच्याकडे दुःखावरचा तुकोबांचा अभंग मागितला. चार ओळी आल्या, शेवटी ‘तुका म्हणे’ही होतं. दुसऱ्या ओळीत ‘तणाव’ शब्द दिसला आणि मनात पाल चुकचुकली. गाथेच्या प्रतींत क्रमांक वेगळे असतात, म्हणून मागची अकारविल्हे सूची काढली. बोट फिरवत दोनदा पाहिलं. तो अभंग नव्हताच. संत एकनाथांनी शके 1506 मध्ये प्रती ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली, आणि तीत स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवतो, असं बजावून ठेवलं. त्या दिवशी माझ्या हातात ती नरोटी होती.

तेव्हा ओवी वाचा ती छापील, सार्थ प्रतीतून. शब्दार्थही तिथेच पाहा. मग हवं तर यंत्राला विचारा.

मन हलकं करण्याबद्दल मात्र मला जास्त काळजी वाटते. फोन ऐकतो, हो ला हो म्हणतो. पण तुम्ही चार दिवस बोलला नाहीत, तर तो तुमच्या दारी येणार नाही. आमच्या मंडळातल्या एक आजी दोन दिवस हरिपाठाला आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी विणेकरी त्यांच्या दारात हजर. आजी तापानं फणफणल्या होत्या, घरात पाणी द्यायलाही कुणी नव्हतं.

गुडघे दुखतात ना? मग तुमच्या मंडळाला निरोप धाडा : येत्या एकादशीचा हरिपाठ आमच्या घरी. कुणी नाही म्हणणार नाही. नणंदेलाही बोलवा, त्या काळजीपोटीच रागावल्यात. सतरंजी घाला, बुक्का काढून ठेवा. आणि सगळे जमले की ‘पढियंता’चा अर्थ तुम्हीच त्यांना सांगा.