पेशी गोठवायची की थिजवायची?

सांगलीतल्या एका विज्ञान-शिक्षिकेचा प्रश्न आहे: "'क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी' म्हणजे 'पेशी गोठवून आतले रेणू बघायची पद्धत' असं मी मुलांना सांगते. 'गोठवून' बरोबर आहे का? आणि 'क्रायो'ला 'शीत' म्हणू की 'हिम'?"

दुसरं आधी उरकतो. ग्रीक 'क्रायोस' म्हणजे कडाक्याची थंडी. 'हिम' म्हटलं की डोळ्यांपुढे बर्फ येतो आणि इथे नेमका नेहमीचा बर्फच नको असतो. 'शीत' चालेल, पण आपल्याकडे कानाला आधी भाताचं शीत ऐकू येतं. गंमत म्हणजे इथे शितावरून भाताची परीक्षा नसून उलटा कारभार आहे. एकेका रेणूचं चित्र इतकं अंधूक येतं की तशी हजारो चित्रं जुळवून सरासरी काढावी, तेव्हा कुठे एक शीत नीट दिसतं. हे गणित बसवणाऱ्यांत योआखिम फ्रँक मुख्य. 2017चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना, रिचर्ड हेंडरसन यांना आणि झाक दुबोशे यांना मिळून मिळालं. मी तरी 'क्रायो' तसाच ठेवीन.

आता 'गोठवणे'. खरी मेख इथेच आहे, आणि ती दुबोशेंच्या कामात आहे.

तूप कढवून झालं की आजी पातेलं हलवू द्यायची नाही. सावकाश निवलं की तूप रवा धरतं. घाईने फ्रिजमध्ये ठेवलं तर गुळगुळीत होतं, रवा जाणवतही नाही. हा रवा म्हणजेच स्फटिक. पाण्याचंही तेच. हळू गार केलं तर त्याचे स्फटिक बनतात, पसरतात, आणि पेशीतल्या नाजूक रचना ढकलतात, फाडतात. पटत नसेल तर तासगावची चार द्राक्षं रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी बाहेर काढून बघा. सगळी लिबलिबीत. शिवाय इथे चित्र प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांनी काढतात आणि हे स्फटिक त्यांना भलतीकडे वळवतात, ते वेगळंच. दुबोशे आणि सहकाऱ्यांनी 1980 नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाखवलं की पाण्याचा पातळ थर द्रव इथेनमध्ये झटकन बुडवला, तर रेणूंना रांगेत लागायला सवडच मिळत नाही. रवा न धरताच पाणी घट्ट होतं, काचेसारखं. (थेट द्रव नायट्रोजन का नाही? तो उणे 196 अंशांचा असला तरी नमुना आत जाताच उकळतो आणि भोवती वाफेचं पांघरूण धरतो. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो, तोच प्रकार.)

म्हणून 'गोठवणे' अगदी चूक नाही, पण मुलांना फ्रीझर आठवेल आणि मुद्दा निसटेल. संस्कृत वळणाचं 'काचीभवन' करता येईल. मला मात्र ते विश्रामबागेतल्या एखाद्या इमारतीचं नाव वाटतं. माझं मत 'थिजवणे'ला. तूपही थिजतंच, हे खरं. पण साप दिसल्यावर माणूस थिजतो, तेव्हा उचललेलं पाऊल उचललेलंच राहतं. पेशीतला रायबोसोम प्रथिन विणता विणता असाच थांबलेला सापडतो, आणि त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

पेशीच्या आत बघायचं तर आणखी एक शब्द लागतो. पेशी जाड, इलेक्ट्रॉन आरपार जात नाहीत. म्हणून थिजलेली पेशी आयनांच्या झोताने वरून-खालून तासतात आणि मध्ये साधारण 100 ते 200 नॅनोमीटरचा पातळ थर ठेवतात. इंग्रजीत त्याला 'लॅमेला' म्हणतात. आपल्याकडे 'पापुद्रा' असताना दुसरा शब्द कशाला? मग तो पापुद्रा दोन्ही बाजूंना साधारण साठ-साठ अंशांपर्यंत कलवत चित्रं घेतात आणि त्यांतून त्रिमितीय रचना उभी करतात. ही टोमोग्राफी. मिरजेला सीटी स्कॅन करून आलेल्या कुणालाही सांगा, त्यातला 'टी' हाच. फक्त तिथे पेशंट पडून असतो आणि यंत्र भोवती फिरतं. इथे नमुनाच कलतो.

तेव्हा बाई, वर्गात म्हणा: 'पेशी थिजवून, तिचा पापुद्रा काढून, आतले रेणू जागच्या जागी बघायची पद्धत.' फळ्यावर मात्र 'क्रायो-इलेक्ट्रॉन टोमोग्राफी' लिहा. पेशीच्या आतलं बघण्याचं नेमकं नाव ते आहे. 'मायक्रोस्कोपी'त वेगळे काढलेले, शुद्ध केलेले रेणूही येतात.